वजनाचा काटा आणि मज्जातंतूंचे उपचार

(हट्टा येथे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्या वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो सभेत सहसा उच्चारला जात नाही. हृदयविकारावर बोलताना कोणाला संकोच वाटत नाही, मोतीबिंदूच्या शिबिराची दवंडी पिटता येते. परंतु शौचावर ताबा राहत नाही, ही गोष्ट माणूस आपल्या घरच्यांनाही सांगत नाही. अशी व्यक्ती हळूहळू एसटीत बसणे टाळते, लग्नकार्याला जाणे टाळते, नातलगांकडे मुक्काम करीत नाही. घरच्यांना वाटते, स्वभाव बदलला. प्रत्यक्षात बदललेला असतो तो गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, किंवा त्याला आज्ञा देणारा मज्जातंतू. बाळंतपणात झालेली इजा, मधुमेह, मणक्याचा आजार, वाढते वय, जुनी शस्त्रक्रिया अशी याची अनेक कारणे आहेत. हा रोग आहे, त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, आणि त्यावर उपचार आहेत, हे आम्ही आरंभीच स्पष्टपणे सांगू इच्छितो.

या उपचारांपैकी एकाविषयी अलीकडे बरीच विचारणा होते. मज्जातंतूंना विजेचे सौम्य स्पंद देऊन मलनियंत्रण सुधारण्याचा हा उपचार आहे. आमच्या हितचिंतकांपैकी काहींनी अशा यंत्रासाठी देणगी देण्याची तयारी दाखविली, त्याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक ऋणी आहोत. त्याच वेळी रुग्णांच्या नातेवाइकांकडून एक प्रश्न पुनःपुन्हा येतो : "आईचे वजन फार आहे, तिला याचा उपयोग होईल का? की आधी वजन उतरवून यावे?" देणगी कशावर खर्च व्हावी आणि रुग्णाला काय सांगावे, या दोन्ही गोष्टी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत. म्हणून आज आम्ही त्याच प्रश्नाचा ऊहापोह करणार आहोत.

प्रथम उपचाराचे स्वरूप पाहू. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, एक त्रिकोणी हाड असते. त्याला त्रिकास्थी म्हणतात. या हाडाला दोन्ही बाजूंना छिद्रे असून त्यांतून बाहेर पडणारे मज्जातंतू मूत्राशय, गुदाशय आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांचा कारभार पाहतात. यांपैकी तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार मज्जातंतूजवळ नेऊन ठेवायची आणि नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली बसविलेल्या छोट्या यंत्रातून तिला सतत सौम्य स्पंद पुरवायचे, ही या उपचाराची मूळ पद्धत होय. स्पंदांचा वेग बहुधा सेकंदाला चौदाच्या आसपास ठेवला जातो. मूत्रविकारांसाठी हे तंत्र आधी अमेरिकेत विकसित झाले. मलनियंत्रणासाठी त्याचा उपयोग जर्मनीतील एर्लांगेन येथील क्लाउस मात्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांवर करून पाहिला व १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी त्याला २०११ मध्ये मान्यता दिली.

दुसरा मार्ग पायातून जातो. पायाच्या आतील घोट्याच्या वर सुमारे तीन बोटे अंतरावर एक मज्जातंतू त्वचेच्या जवळून जातो. त्याची मुळे पाठीच्या कण्यात त्याच त्रिकास्थीच्या भागात पोहोचतात. तेथे एक बारीक सुई टोचून अर्धा तास स्पंद दिले जातात. आठवड्यातून एकदा, असे सुमारे बारा वेळा. मलनियंत्रणासाठी हा मार्ग इजिप्तमधील कैरो येथील अहमद शफीक यांनी २००३ साली मांडला. तिसरा मार्ग याहून सोपा आहे : सुईदेखील न टोचता त्वचेवर चिकटणाऱ्या पट्ट्या लावून तेच स्पंद द्यायचे. ही साधने तुलनेने स्वस्त असतात आणि घरी वापरता येतात.

आता वजनाचा संबंध कोठे येतो, ते समजून घेऊ. वीज शरीरातून जाताना सर्व ठिकाणी सारख्याच सहजतेने जात नाही. स्नायूंमध्ये पाणी व क्षार भरपूर असतात, म्हणून त्यांतून ती सहज वाहते. चरबीतून मात्र तिला वाट काढावी लागते. शिवाय मज्जातंतूपासून अंतर वाढत जाते तसा स्पंदाचा प्रभाव झपाट्याने क्षीण होतो. विहिरीत हाक मारावी आणि पाणी खोल गेलेले असावे, तसा हा प्रकार आहे. लठ्ठ व्यक्तींच्या स्नायूंना त्वचेवरून उद्दीपन देताना अधिक प्रवाह लागतो, असे प्रयोगांत दिसून आलेले आहे. प्रवाह वाढविला की त्वचेला चुरचुर, आग, वेदना होऊ लागते. आणि मज्जातंतूपर्यंत पुरेसा स्पंद पोहोचण्यापूर्वीच रुग्ण 'आता पुरे' म्हणतो. उपचार 'लागू पडला नाही' अशी नोंद होते. प्रत्यक्षात तो मज्जातंतूपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे. वरील अडचण मुख्यतः त्वचेवरून दिल्या जाणाऱ्या उपचाराची आहे. तिन्ही मार्गांवर वजनाचा परिणाम तीन वेगवेगळ्या प्रकारे होतो.

पट्ट्यांच्या उपचारात विद्युताग्र आणि मज्जातंतू यांच्यामध्ये त्वचा व चरबी यांचा संपूर्ण थर उभा असतो. म्हणून तेथे थराच्या जाडीला सर्वाधिक महत्त्व. पट्ट्या कोठे लावल्या, यालाही तितकेच महत्त्व आहे. कमरेवर किंवा नितंबावर थर जाड असतो. घोट्याजवळ तो बहुतेकांत पातळ असतो. म्हणून वजनदार रुग्णास कमरेपेक्षा घोट्याची जागा अधिक अनुकूल ठरू शकते. मात्र पायाला सूज असेल तर हा लाभ कमी होतो.

सुईच्या उपचारात सुई तो थर ओलांडून आत जाते, त्यामुळे अडथळा बराच कमी होतो. पायाचा अंगठा वाकला, बोटे पसरली किंवा तळव्यात झिणझिण्या आल्या, की सुई योग्य जागी आहे आणि प्रवाह पोहोचत आहे हे तेथल्या तेथे कळते. हे चिन्ह रुग्णाच्या वजनाच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह आहे.

त्रिकास्थीतील तारेच्या उपचारात तर तार हाडाच्या छिद्रातून थेट मज्जातंतूशेजारी जाऊन बसते. एकदा ती तेथे बसली की तार आणि मज्जातंतू यांच्या मधे पोटावरची वा नितंबावरची चरबी येतच नाही. म्हणून वजन जास्त आहे एवढ्याच कारणाने स्पंद कमी पोहोचतील, हा समज या पद्धतीला लागू पडत नाही. तेथे वजनाचा परिणाम शस्त्रक्रियेवर होतो : छिद्र खोल असल्याने लांब सुई लागते, क्ष-किरण प्रतिमा अस्पष्ट दिसू शकते, जखमेत जंतुसंसर्गाची भीती वाढते, आणि पुनःपुन्हा प्रभारित करावयाचे यंत्र फार खोल ठेवले गेले तर त्वचेवरून त्याचा प्रभार नीट होत नाही. याउलट अत्यंत कृश रुग्णाला दुसरीच अडचण येते. यंत्राला झाकणारी चरबीच नसल्याने त्याची कड टोचते, बसताना दुखते, क्वचित त्वचा झिजते. म्हणजे वजन जास्त असणे आणि फार कमी असणे, या दोन्हींचा विचार शल्यचिकित्सकाला करावा लागतो. यंत्र बसविल्यानंतर वजनात मोठा चढउतार झाल्यास यंत्राची जागा सरकू शकते व स्पंदांची मात्रा पुन्हा जुळवावी लागते.

आपल्या प्रांतात या दोन टोकांचा विचार करणे किती आवश्यक आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीवरून (२०१९–२१) कळते. महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी सुमारे पाचातील एक स्त्री उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली, आणि जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण त्याहूनही किंचित अधिक आढळले. एकाच राज्यात, अनेकदा एकाच घरात, अशक्त सून आणि स्थूल सासूबाई असे चित्र असते.

परंतु 'स्थूल' कोणाला म्हणावे? वजनाच्या काट्यावरून, किंवा किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, ज्याला बीएमआय म्हणतात, त्यावरून ते ठरविण्याची पद्धत आहे. या आकड्याची मर्यादा जगाच्या नजरेस आणून देण्याचे श्रेय आपल्या महाराष्ट्रातील एका रुग्णालयाकडे जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली. म्हणजे आकडा एक, आणि चरबी दुपटीहून अधिक. याच रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो माता-पोषण अभ्यास चालविला, त्यात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम आढळले. मात्र वजनात एवढा फरक असूनही आपल्या बालकांच्या पाठीवरील त्वचेखालचा चरबीचा थर त्या मानाने फारसा कमी नव्हता. दिसायला बारीक, पण आत चरबी, अशी आपली घडण जन्मापासूनच असते.

याचा आमच्या आजच्या विषयाशी सरळ संबंध आहे. काट्यावर हलकी दिसणारी एखादी बाई पट्ट्यांच्या उपचाराला प्रतिसाद देत नाही आणि तिच्याहून वजनदार, पण अंगमेहनतीने कसलेला शेतकरी लगेच देतो, हे शक्य आहे. कारण स्पंदाला अडविते ते वजन नव्हे. अडविते ती विशिष्ट जागची चरबी. म्हणून वजन नोंदविण्याबरोबरच जेथे विद्युताग्र लावावयाचे तेथील थर चिमट्याने किंवा सोनोग्राफीने मोजणे, जागा बदलून पाहणे, आणि अंगठ्याची हालचाल वा झिणझिण्या मिळेपर्यंत प्रवाह सावकाश वाढविणे, ही उपचाराची योग्य रीत होय. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शिकलेला हात आणि रुग्णाजवळ बसण्यास मिळालेला वेळ मात्र लागतो.

आता दुसरा प्रश्न : आधी वजन उतरवून यावे का? वजन कमी करण्याचा लाभ निःसंशय आहे. पोटावरील भार सतत ओटीपोटाच्या तळावर दाब देत असतो. अमेरिकेत ३३८ वजनदार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटविणाऱ्या गटात लघवीवरील ताबा सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. ज्या गटाला केवळ माहिती दिली गेली होती त्यात ते २८ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास मूत्राविषयीचा आहे. मलनियंत्रणाच्या बाबतीत वजन घटल्याचा लाभ इतका ठामपणे सिद्ध झालेला नाही. तरी दोन्ही मार्गांना आधार देणारा तळ एकच आहे, आणि मधुमेह आटोक्यात येणे हा तर स्वतंत्र लाभ आहे. कारण अनियंत्रित मधुमेहात मज्जातंतूच निकामी होत जातात, आणि निकामी मज्जातंतूस कितीही स्पंद दिले तरी तो आज्ञा कशी पोहोचविणार?

तथापि 'वजन उतरवा, मग या' असे सांगून रुग्णाला परत पाठविणे आम्हांस मान्य नाही. ज्या बाईला घराबाहेर पडण्याचीच भीती वाटते, ती सकाळी फिरायला कशी जाईल? प्रथम तिचा त्रास थोडा तरी कमी करावा, म्हणजे ती चालू लागेल. चालू लागली की वजनही उतरेल. वजन घटविणे हा उपचाराचा एक भाग आहे, आणि उपचार मिळण्यासाठी ती पूर्वअट ठरता कामा नये.

पुष्कळदा त्रासाचे मूळ अगदी साध्या गोष्टीत असते. मधुमेहाच्या अनेक रुग्णांना दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध काहींना पातळ जुलाब करते. आणि शौच पातळ असली की दुबळा स्नायू ती धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा वा प्रकार बदलून घ्यावा. याउलट जुन्या बद्धकोष्ठतेत साचलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ शौच झिरपत राहते आणि घरचे त्याला जुलाब समजून भलतेच औषध देतात. शौच बांधून येण्यासाठी आहारातील फेरफार, इसबगोल, आवश्यक तेथे औषधे, आणि गुदद्वार व ओटीपोटाचे स्नायू आवळण्याचा रोजचा व्यायाम, यांनीच अनेकांना पुरेसा आराम पडतो. बाळंतपणात स्नायू फाटलेला असल्यास तो शिवून दुरुस्त करता येतो. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन न ठरविता उतरत असेल, किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर आधी कर्करोगाची तपासणी झालीच पाहिजे. अशा रुग्णाचे वजन कमी झाले म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही.

हे सर्व करूनही त्रास राहिला, तर मज्जातंतूंच्या उपचाराचा विचार होतो. त्याविषयीही आपल्यासमोर सत्यच मांडले पाहिजे. घोट्याच्या सुईच्या उपचाराची ब्रिटनमध्ये २२७ रुग्णांवर कसोटी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना खरा उपचार मिळाला त्यांपैकी ३८ टक्के रुग्णांचा त्रास निम्म्याहून कमी झाला. पण ज्यांना केवळ उपचाराचा देखावा करून दाखविला होता, त्यांपैकीही ३१ टक्के रुग्णांना तसाच आराम पडला. दोन्हींतील अंतर ठाम निष्कर्ष काढण्याइतके नव्हते. त्रिकास्थीतील तारेचा उपचार मलनियंत्रणासाठी अधिक भरवशाचा आहे. बद्धकोष्ठतेसाठी मात्र त्याचा पुरावा दुबळा आहे. त्याचा मोठा गुण हा की, कायमचे यंत्र बसविण्यापूर्वी तात्पुरती तार ठेवून सुमारे दोन आठवडे चाचणी घेता येते, आणि त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच पुढे जावयाचे असते. रुग्ण कृश असो वा स्थूल, निर्णय या चाचणीने व्हावा. काट्याने होऊ नये. आणि ज्यांना हृदयाचा पेसमेकर बसविलेला आहे किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनी पट्ट्यांचे साधन डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

अंगात बसवावयाच्या यंत्राचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. म्हणून देणगीदारांपुढे आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. एका रुग्णाच्या यंत्रावर सर्व निधी खर्च करण्यापूर्वी, या विकाराची बाह्य तपासणी आठवड्यातून एक दिवस नियमित चालावी; तेथे स्त्री-रुग्णांसाठी स्त्री परिचारिका आणि आडोशाची स्वतंत्र खोली असावी; शेजारीच स्वच्छ, पाण्याची सोय असलेले शौचालय असावे; स्नायूंचे व्यायाम शिकविणारी एक प्रशिक्षित व्यक्ती असावी; आणि चरबीचा थर मोजण्याचा चिमटा व पट्ट्यांची काही साधने असावीत. ज्या थोड्या रुग्णांना खरोखर तारेच्या उपचाराची गरज भासेल, त्यांना मोठ्या केंद्रात पाठविण्यासाठी प्रवास, मुक्काम व चाचणीचा खर्च भागेल असा वेगळा निधी ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव आहेत. ही सवलत मिळविण्यासाठी लागणारी कागदपत्रे जुळविण्यात रुग्णाला साहाय्य करणे, हेही आम्ही उपचाराचाच भाग मानतो.

नातेवाइकांना एकच सांगणे आहे. हळद काढणीला वा कापूस वेचणीला नेहमी पुढे असणारी आई एकाएकी 'मी घरीच थांबते' म्हणू लागली, चार माणसांत बसेनाशी झाली, कपडे लपवून धुऊ लागली, तर रागावू नका, हसू नका. एकांतात मायेने विचारा. आणि ती वजनदार आहे म्हणून 'आधी बारीक हो' असे तिला ऐकवू नका. तिला तपासणीला घेऊन या. काट्यावर जो आकडा येईल, तो आम्ही उपचाराची वाट निवडण्यासाठी वापरू. तिला दारातून परतविण्यासाठी तो कधीही वापरला जाणार नाही, असे आश्वासन आम्ही या सभेत देतो.